वीसनखी

आमच्या माणदेशात कुत्र्याचं पिल्लू पसंत करायची एक ठरलेली रीत होती. पिल्लू मानगुटीला धरून उचलायचं. केकाटलं तर भित्रं, गप राहिलं तर धीराचं. मग त्याला उताणं करून मागचे पाय बघायचे. पुढच्या पायांना पाच-पाच नखं बहुतेक कुत्र्यांना असतात, चार जमिनीला टेकणारी आणि एक आतल्या अंगाला जरा वर. मागच्या पायांना मात्र चार-चारच. झाली अठरा. पण एखाद्या पिल्लाच्या मागच्या पायांनाही आतल्या बाजूनं ते वरचं नख लोंबताना दिसलं, की बघणाऱ्याचा आवाज बदलायचा. वीस भरली! असलं कुत्रं म्हणजे वीसनखी. ते लांडग्याला भीत नाही, त्याला रात्रीचं न दिसणारं दिसतं, ते चांगल्या रक्ताचं असतं, असं सगळे सांगायचे. कुणी बघितलं होतं असं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

यातले सगळ्यात मोठे जाणते म्हणजे आमचे आबा, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जनावर वाचता यायचं. खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड घ्यायचा तर चार गावची माणसं आबांना बरोबर न्यायची. आबा आधी लांबून चाल बघायचे, मग खूर, मग शिंगांची ठेवण, आणि शेवटी अंगावरून हात फिरवून केसांचे भोवरे शोधायचे. कपाळावरचा भोवरा कसला, पाठीवरची गोम कुठं तोंड करून आहे, यावर व्यवहार व्हायचा नाहीतर मोडायचा. ‘यात एक गोम आहे’ असं आपण आज कुठल्याही कामात म्हणतो, ती ही जनावराच्या अंगावरची गोम. देखण्या बैलाची किंमत आबांच्या एका बोटानं निम्म्यावर आलेली मी बघितली आहे. बैल तोच, दहा मिनिटांपूर्वीचा.

१९८३ च्या उन्हाळ्यात आमच्या काळीनं कडब्याच्या गंजीखाली पाच पिल्लं घातली. मी दहा वर्षांचा होतो. पिल्लांचे डोळे उघडल्यावर आबा आले, मांडी घालून बसले आणि एकेक पिल्लू उताणं करत गेले. तीन अठराची निघाली. चौथं वीसनखी. आबांनी ते कपाळाला लावलं. पाचव्याशी मात्र ते अडले. त्याच्या डाव्या पायाला नख होतं, उजव्याला नव्हतं.

“ह्यो एकोणीसनखी,” आबा म्हणाले. “अर्धं रगत हाय.”

एका आईच्या पोटातल्या, एकाच दिवशी जन्मलेल्या पाच पिल्लांत पुरं रक्त एकाचं, अर्धं एकाचं आणि तिघांचं काहीच नाही, हे कसं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला एवढंच कळलं की वीसनखी ठेवायचं, एकोणीसनखी बघू, आणि बाकीच्या तिघांची वाट लावायची. ते काम माझ्याकडं आलं. अंगावरचं दूध सुटल्यावर बाजाराच्या दिवशी पिल्लं पोत्यात घातली आणि बाजारतळाच्या कडेला, मटणाच्या दुकानांमागं सोडून आलो. तिथं खायला मिळेल, असं घरातल्यांनी सांगितलं होतं. पोतं उलटं केल्यावर दोघं तिथंच बसली. तिसरं थोडं अंतर माझ्या मागं आलं. मी पळालो. चाळीस वर्षं झाली, पण कुत्र्यांच्या जातीवर कुणी बोलायला लागलं की मला ते मागं येणारं पिल्लू आठवतं. त्याची नखं अठरा होती.

त्याच उन्हाळ्यात आक्काला बघायला पाहुणे आले. आक्का म्हणजे आबांची नात, माझी चुलत बहीण. रंगानं उजळ, कामाला वाघ, सातवीपर्यंत शिकलेली. तिच्या उजव्या अंगठ्याला जोडून आणखी एक छोटा अंगठा होता. नखासकट. आम्हा पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. उलट गजगे खेळताना ती जिंकली की आम्ही म्हणायचो, “तुला एक बोट जास्ती हाय, तुझं धरायचं न्हाय.” पण त्या दिवशी सकाळपासून घरातल्या बायका तिला शिकवत होत्या. ताट असं धर, म्हणजे अंगठा ताटाखाली जाईल. पदर असा घे. पाया पडताना डावा हात वर ठेव. मला ताकीद होती, “तू त्वांड उघडायचं न्हाय.”

मी उघडलं नाही. पाहुण्यांत मुलाचा चुलता होता, जनावरांचा व्यापार करणारा. आबांसारखाच नजरेचा माणूस. पोह्यांची ताटली घेताना त्यानं बघितलंच. “पोरी, हात बघू,” म्हणाला. आक्कानं पदरातून हात काढला. त्यानं तो उलटा-सुलटा करून बघितला आणि सोडला. कुणी काही बोललं नाही. पोहे खाऊन झाले, पान झालं.

उठता उठता त्याला अंगणात खेळणारं पिल्लू दिसलं. त्यानं सवयीनं ते मानगुटीला धरून उचललं आणि पाय बघितले. त्याचा चेहराच उजळला. “आरं, ही तर वीसनखी! कुठलं हो रगत हे? आमच्या मेंढराला असलं एक पायजेच हुतं.”

आबांनी क्षणभर त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाले, “न्या की. तुमचंच घर हाय.”

आबांच्या मनात काय होतं ते आता मला कळतं. पाहुण्यांनी पिल्लू नेलं. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. खरं कारण महिन्याभरानं दुसऱ्याच्या तोंडून कळलं: “बोट वंशात उतरंल.”

एका अंगणात, एका तासात, एकाच माणसानं दोन जास्तीची बोटं बघितली. एक त्यानं खांद्यावर घालून घरी नेलं, दुसऱ्यासाठी पत्रिका पुढं केली. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही, की हीच नजर आमच्या आबांनीच चार गावांना शिकवली होती.

पुढं बऱ्याच वर्षांनी, पशुवैद्यक झालेल्या एका मित्राकडं मी या नखाचा विषय काढला. त्यानं पहिल्यांदा मला गार केलं. म्हणाला, “तुझे आबा अगदीच खोटं बोलत नव्हते. खुणेला अर्थ असतो.” लांडग्याच्या मागच्या पायाला हे नख नसतं. इटलीत टस्कनी भागात काही लांडग्यांना ते आढळलं, आणि त्यांची जनुकं तपासली तर त्यांच्या पूर्वजांत कुत्रा मिसळला असल्याचं निघालं. २००३ साली तो अभ्यास छापला गेला. म्हणजे तिथं नख बघून वंशाविषयी बोलता आलं, आणि ते खरं ठरलं. फक्त त्याचा अर्थ आमच्या उलटा होता. आमच्याकडं नख म्हणजे अस्सल, तिथं नख म्हणजे भेसळ.

फ्रान्सकडच्या काही जातींत तर हे नख म्हणजे ओळखपत्रच. डोंगरात मेंढरं राखणारं पांढरं ग्रेट पिरेनीज, मेंढपाळांचं ब्रियार्ड आणि बोसरॉन, यांच्या मागच्या प्रत्येक पायाला दुहेरी नख हवं. म्हणजे आमच्या हिशोबानं बावीसनखी. बोसरॉनला ते नसेल तर प्रदर्शनातून बाद, मग आई-बाप कितीही नामांकित असोत. नॉर्वेत लुंडेहुंड नावाचं छोटं कुत्रं आहे, त्याच्या तर प्रत्येक पायाला सहा बोटं. समुद्रकाठच्या कड्यांवर चढून पफिन पक्षी पकडायला लोकांनी ते जपलं. आणि याच्या उलट, इतर कितीतरी जातींत हे नख असलं तर पिल्लू चार दिवसांचं असतानाच कापून टाकतात. तेच नख, तसंच. एका घरी ते नाही म्हणून कुत्रं बाद, दुसऱ्या घरी ते आहे म्हणून कात्री.

मग मित्रानं दुसरी गोष्ट सांगितली, ती मला जास्त मोलाची वाटली. गर्भात पाय घडताना कुठं किती बोटं यावीत हे ठरवणारं एक जनुक असतं. ते कधी आणि कुठं चालू व्हावं हे सांगणारा एक लहानसा तुकडा असतो. त्या तुकड्यात एका अक्षराची चूक झाली, की मागच्या पायाला बोट वाढतं. कोरियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं, की आशियातल्या कुत्र्यांत ही चूक एका जागी आहे आणि ग्रेट पिरेनीजसारख्या पाश्चात्त्य कुत्र्यांत दुसऱ्या जागी. म्हणजे हे नख जगात एकदाच उगवून सगळीकडं पसरलेलं नाही, वेगवेगळ्या ठिकाणी आपापलं उगवलेलं आहे. नख सारखं म्हणून रक्त सारखं, हा हिशोब तिथंच मोडतो. शिवाय हे नख द्यायला आई-बापांपैकी एकाकडूनच तो बदल आला तरी पुरतो, आणि आला तरी ते दर वेळी दिसेलच असंही नाही. एकाच वेतात वीस, एकोणीस आणि अठरा निघाली ती यामुळं. आबांनी ज्याला अर्धं रक्त म्हटलं, ते रक्त पुरतं तेच होतं.

“आणि माणसाचं काय?” मी विचारलं.

तो म्हणाला, “तोच तुकडा. जास्तीचा अंगठा असणाऱ्या कित्येक घराण्यांत त्याच तुकड्यात बदल सापडलाय.”

मी बराच वेळ गप्प बसलो. आक्काचा अंगठा आणि त्या पिल्लाचं नख, दोन्ही एकाच उंबऱ्यातून आलेली असू शकतात, हे त्या व्यापाऱ्याला कुणी सांगितलं असतं तर काय झालं असतं? काहीच नाही, असं मला वाटतं. त्याला बोटाविषयी माहिती कमी नव्हती. ‘वंशात उतरंल’ हे त्याचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. चूक होती ती ‘उतरंल’ याच्यापुढं. उतरलं तर काय बिघडलं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही, आणि आम्हीही त्याला विचारलं नाही.

मराठीत कुत्र्यालाही जात आणि माणसालाही जातच. एका शब्दात दोन्ही बसवून आपण मोकळे झालो. आमच्याकडं नवा माणूस पारावर आला, की आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग “पाव्हणं कुठलं?” त्या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर चहा घरातल्या कपातून येणार की बाहेरच्या, हे ठरायचं. तेही मानगुटीला धरून उचलून पाय बघणंच. पुढचा माणूस कसा आहे हे कळायला चार पावसाळे त्याच्याबरोबर काढावे लागतात. तेवढा वेळ कुणाकडं आहे? खूण बघितली की काम झालं. मला वाटतं, खुणेचं सगळं सामर्थ्य यात आहे. ती खरी असते म्हणून आपण तिला धरत नाही, ती आपले कष्ट वाचवते म्हणून धरतो.

२०२२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १८,००० पेक्षा जास्त कुत्र्यांच्या मालकांना कुत्र्याच्या वागण्याविषयी प्रश्न विचारले, आणि त्यातल्या २,००० हून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ९ टक्केच जातीनं सांगता आला. रूप जातीवरून बरंच सांगता येतं, स्वभाव फारसा नाही. हे वाचलं तेव्हा मला आमचा एकुण्या आठवला.

एकुण्या म्हणजे तो एकोणीसनखी. वीसनखी पाहुण्यांकडं गेल्यावर तोच राहिला आणि अकरा वर्षं आमच्याकडं जगला. रात्री कोल्ह्याच्या नुसत्या वासावर उठायचा, आणि वळिवाचा गडगडाट झाला की धान्याच्या कणगीमागं लपायचा. त्यानं कुणाला हुसकून लावलं की आबा म्हणायचे, “बगा, एक नख हाय त्येचा गुण.” तो कणगीमागं लपला की म्हणायचे, “दुसरं न्हाय न्हवं, त्येचा गुण.” आबांचा हिशोब कधी चुकलाच नाही. कसा चुकेल? कुत्रं काहीही करो, उत्तर आधीच पायावर लिहिलेलं होतं. आता माणसांविषयी बोलतानाही कुणाचा हिशोब असा कधीच चुकत नसला, की मी सावध होतो.

ते एक नख एकदा एकुण्याच्या जिवावर आलं. हे वरचं नख जमिनीला टेकत नाही, म्हणून झिजत नाही. ते वाढत जातं, गोल वळतं आणि कापलं नाही तर कातडीतच घुसतं. एकुण्या लंगडायला लागला, पाय चाटत बसायला लागला. बघतो तर नखाचं टोक मांसात गेलेलं, पू झालेला. आबांनी मेंढरं कातरायची कातर घेतली. आक्कानं कुत्र्याचं तोंड मांडीवर दाबून धरलं, मी पाय धरला. नख कापलं, टोक ओढून काढलं, थोडं रक्त आलं, हळद दाबली. एकुण्या कण्हत होता आणि आक्काच्या हाताचा जुळा अंगठा त्याच्या कानामागं खाजवत होता.

आबांची नजर तिथं थांबली. बरंच बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, “आक्के, तुझं हे बोट कधी दुकतं का गं?”

ती वीस वर्षांची होत आली होती. एवढ्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. लपवायचं कसं ते सगळ्यांनी सांगितलं होतं.

“न्हाय आबा,” आक्का म्हणाली. “माजं बोट न्हाय दुकत. लोकांचं डोळं दुकत्यात.”

आबा काही बोलले नाहीत. कातर धोतराला पुसली आणि उठून गेले. त्यानंतर जनावरं बघणं त्यांनी सोडलं, असं मी सांगणार नाही. ते शेवटपर्यंत भोवरे बघत होते. पण पुढं आक्काला कुणी बघायला आलं, की आबा स्वतः पुढं व्हायचे आणि बसल्या बसल्या पहिल्यांदा तेच सांगायचे, “पोरीच्या हाताला जास्तीचं बोट हाय. बगा आन् मग पवं खावा.” दोन ठिकाणचे पाहुणे पोहे न खाताच गेले. तिसऱ्या ठिकाणचा मुलगा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. त्यानं हात बघितला आणि हसून म्हणाला, “पाना धरायला बरं.” लग्न ठरलं.

त्यांना मुलगी झाली. बोट उतरलं. तो व्यापारी खरा ठरला, एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येईल. मुलीचा अंगठा आक्काच्या अंगठ्यापेक्षा वाकडा होता, दोन्ही टोकं एकमेकांवर चढलेली. डॉक्टर म्हणाले, हाताची पकड नीट बसणार नाही, लहानपणीच शस्त्रक्रिया केलेली बरी. मुलगी दोन वर्षांची असताना ती झाली. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, “बेस झालं बाई. पुढं लग्नाला आडकाठी नगं.” आक्का शांतपणे म्हणाली, “लग्नासाठी न्हाय काढलं. मूठ वळावी म्हणून काढलं.”

तिचा स्वतःचा अंगठा अजून आहे. २००० साली हृतिक रोशनचा सिनेमा आला, तेव्हा भाचीच्या खोलीत त्याचा फोटो लागला. त्याच्याही उजव्या हाताला दोन अंगठे. गावातल्या पोरी ते कौतुकानं दाखवायच्या. आक्का म्हणाली, “बगा, माजं बोट वीस वर्सं आदी जलमलं.”

दुखतं त्याला कातर लावावी, मग ते कितीही शोभेचं असो. दुखत नाही त्याला लोकांसाठी लावू नये. एवढं शहाणपण माझ्या घरात एका लंगड्या कुत्र्यानं आणि एका बाईनं आणलं. आबांना ते उतारवयात का होईना कळलं. मला कळायला त्याहून जास्त वर्षं गेली, आणि कळलं तरी त्या पोत्यातल्या तिघांना त्याचा उपयोग नव्हता.

आमच्या खंडोबाच्या देवळात देवाच्या पायाशी दगडाचं कुत्रं आहे. शेंदूर आणि तेलाचे इतके थर चढलेत, की त्याची बोटंच दिसत नाहीत. मागच्या जत्रेला गेलो तेव्हा सवयीनं वाकून मागचे पाय बघायला लागलो. शेजारी आक्का उभी होती. तिनं माझ्या पाठीत धपका घातला. म्हणाली, “पाया पडायला वाकलायस का नखं मोजायला?”

मी पाया पडलो.